वेदीपुढचे नऊ टोमॅटो

आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण असला की उपासनेच्या आधी अर्धा तास सगळ्यांचं लक्ष वेदीकडे असतं. कुणी काय आणलं, केवढं आणलं, शेतातलं की विकतचं. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, ऊस, एखादा पाय बांधलेला कोंबडा. हंगामाचं पहिलं फळ आधी देवापुढं ठेवायचं आणि मग घरात चाखायचं, असा आमचा रिवाज. उपासना झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो, आणि ज्याच्या भोपळ्यासाठी जास्त ओढाताण होते तो आठवडाभर छाती काढून चालतो. देवाला दिलेल्या भोपळ्याचा एवढा गर्व बरा नाही, हे मला कळतं. मी स्वतः त्या गर्वात गळ्यापर्यंत बुडून बाहेर आले आहे, म्हणून सांगते.

माझं माहेर पिंपळगाव राजाकडचं. वडिलांचं दोन एकर कोरडवाहू शेत, आणि आमच्यासकट गावात ख्रिस्ती घरं तीन. पहिली तुरीची शेंग, पहिला हरभऱ्याचा घाटा वडील स्वतःच्या हाताने फडक्यात बांधायचे आणि खामगावला उपासनेला न्यायचे. तोवर घरात कुणी एक दाणा तोंडात टाकला तर खैर नव्हती. एकदा मी हिरव्या शेंगा चोरून उकडल्या आणि परसात बसून खाल्ल्या. वडिलांनी मारलं नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

पलीकडच्या आळीत दरवर्षी कुणाचा तरी नवसाचा बोकड कापला जायचा. ढोल वाजायचे, गुलाल उडायचा, आणि संध्याकाळी रस्स्याचा वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा. मी वडिलांना विचारलं, "बाबा, आपण काऊन नाही कापत?"

ते विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आपला झाला. एकदाच झाला, साऱ्यायसाठी. वधस्तंभावर."

आणि पुन्हा विळा घासू लागले. मला वाटलं, चला, आपण स्वस्तात सुटलो. मोठं काम दुसऱ्या कुणीतरी उरकून टाकलं, आपल्याकडे उरल्या नुसत्या तुरीच्या शेंगा. लहानपणी झालेली समजूत मोठेपणीही सहजासहजी निघत नाही. दर उत्तम शुक्रवारी तीन तास बसून मी प्रभूच्या बलिदानाचं ऐकत आले, डोळे पुसत आले, आणि घरी येऊन उपवास सोडत आले. बलिदान म्हणजे फार पूर्वी झालेली गोष्ट. आणि दान म्हणजे माझं, माझ्या हाताचं, मी नेऊन ठेवायचं. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

लग्न होऊन मी देऊळगाव राजाजवळच्या गावात आले. सासरी सगळं होतं, शेत नव्हतं. नवरा मालवाहू ऑटो चालवतो. त्यामुळे पहिल्याच हंगामाच्या सणाला माझी पंचाईत झाली. न्यायचं काय? शेवटी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणल्या, पाणी मारून ताज्या केल्या आणि वेदीपुढं ठेवल्या. मंडळीत एक म्हाताऱ्या नर्सबाई आहेत, निवृत्त झाल्या तरी सगळ्यांची नाडी बघतच असतात. त्यांनी जुडी उचलली, तिच्याभोवतीचं रबर ताणून सोडलं आणि म्हणाल्या, "आता शेतात रबरही उगवायला लागलं का?"

बायका हसल्या. मीही हसले, पण आतून माझा नुसता जळफळाट झाला. पुढं अठरा वर्षं मी विकतचंच नेलं, रबर मात्र आठवणीने काढून. दर वर्षी वेदीपुढं उभी राहिले की आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो आहोत असं वाटायचं.

आमच्या भागात अलीकडे शेडनेट फार झाली आहेत. हिरव्या जाळीचा मोठा मांडव, आणि आत टोमॅटो, मिरची, काकडी. हे पीक बाजारात जात नाही, ते असतं बियाण्यासाठी. कंपनी रोपं देते, शेतकरी वाढवतो, फळ पिकलं की त्यातलं बी काढून धुऊन, वाळवून कंपनीला द्यायचं. यातलं खरं काम बायांच्या बोटांचं. दुपारी मादी ओळींतल्या उद्या उमलणाऱ्या कळ्या चिमट्याने उघडायच्या आणि आतले केसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांचा पराग बोटावर घेऊन एकेका फुलाला लावायचा. लावला की खूण म्हणून फुलाखालच्या हिरव्या पातींपैकी दोन पाती कापून टाकायच्या. आम्ही याला क्रॉसिंग म्हणतो. दीड-दोन महिने हे रोज चालतं आणि एक दिवस खाडा करता येत नाही, कारण फूल काही रविवार ओळखत नाही.

मी ज्या नेटात जायची ते एका काकूंचं. साठीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला नोकरीत. कंपनीचा करार त्यांच्याच नावावर. माझी खामगावकडची बोली त्यांना फार गमतीची वाटायची. मी दिसले की जाळीआडूनच म्हणायच्या, "आली का मलेतुलेवाली?" मी म्हणायची, "तुमच्या मपलं-तुपलंपेक्षा बरं हाय आमचं." त्यावर सगळ्या बाया खिदळायच्या आणि दिवस सुरू व्हायचा.

पहिल्याच हंगामात मी त्यांना सांगून टाकलं होतं, "काकू, रविवारी सकाळी मले उपासनेले जा लागते. काम ठेवायचं तं ठेवा, नाही तं राहू द्या." माझं बोलणं असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जा की. फुलं काय देवाच्या आड येत्यात व्हय?"

रविवारी मी अकराच्या सुमाराला परत यायची, तेव्हा माझ्या ओळीतल्या सगळ्या फुलांच्या दोन-दोन पाती कापलेल्या असायच्या. काकू स्वतःची ओळ संपवून माझी करत होत्या. त्यांच्या गुडघ्यात तेव्हाही वात होता. मी मनात म्हणायची, त्यांचं नेट, त्यांचा माल, त्या नाही करणार तर कोण. चार हंगामांत एकदाही मी आभार मानले नाहीत. आज हे लिहिताना लाज वाटते.

चौथ्या हंगामात हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दिवस कलताना मी एकटीच माझ्या ओळीत होते. पश्चिमेच्या टोकाला ऊन जास्त लागतं, तिथले टोमॅटो सगळ्यांच्या आधी लाल झाले होते. नऊ होते. पहिली तोडणी अजून चार-पाच दिवसांवर होती. मी एक फळ हातात घेतलं, देठाशी दोन पाती कापलेल्या दिसल्या. ही कळी मी उघडली होती, हिला पराग माझ्या बोटाने लावला होता. शेत नसलेल्या बाईला याहून स्वतःचं फळ कुठलं मिळणार? मी नऊच्या नऊ तोडले, जेवणाच्या डब्यात भरले आणि वर फडकं टाकलं.

नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. नेटातलं एकही फळ बाहेर न्यायचं नाही, सडलेलंसुद्धा आतच पुरायचं. आतलं बी भलत्याच्या हाती गेलं तर कंपनीचं वाण गेलं. कंपनीचा सुपरवायझर दर फेरीला हे बजावून जायचा.

आणि काकूंना मी विचारलं का नाही, हे आता सरळच सांगते. त्या नाही म्हणतील अशी भीती नव्हती. त्या हो म्हणतील अशी भीती होती. त्या हो म्हणाल्या असत्या तर ते त्यांनी दिलेलं झालं असतं, त्यांचं दान झालं असतं. मला एकदा तरी माझं, अगदी माझंच काहीतरी वेदीपुढं ठेवायचं होतं.

रविवारी स्टीलच्या ताटात विड्याची पानं मांडून त्यावर ते नऊ टोमॅटो ठेवले. नर्सबाईंनी एक उचलला, फिरवून पाहिला, देठ पाहिला आणि म्हणाल्या, "हं. हा झाडावरचा आहे." मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. लिलावात चिखलीच्या एका निवृत्त गुरुजींनी सगळे टोमॅटो हट्टाने घेतले. घरी येताना मी वेदीपुढं काढलेला ताटाचा फोटो मोबाइलवर स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, 'माझ्या हातचं पहिलं फळ, देवापुढं.' माझ्या मोबाइलमध्ये सुपरवायझरचाही नंबर आहे, हे डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी तो आला. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस, आवाज चढवलेला कधी ऐकला नव्हता. त्याने काकूंना आणि मला नेटाच्या दाराशी बोलावलं, मोबाइल काढला, उतरवून ठेवलेलं माझं स्टेटस उघडून खालची ओळ वाचून दाखवली आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. लाल टोमॅटोच्या देठाशी कापलेल्या पाती स्पष्ट दिसत होत्या.

"हे आपल्याच प्लॉटचं फळ आहे," तो म्हणाला. "काकू, मला कळवावं तर लागेल. हिने न विचारता नेलं असेल, तर हिचं नाव आमच्या सगळ्या प्लॉटवर जाईल, हिला कुठल्याच नेटात घेणार नाहीत. तुम्ही दिलं असेल, तर करारावर सही तुमची आहे. मग पुढच्या वर्षी तुम्हाला प्लॉट मिळणार नाही. जे खरं असेल ते सांगा."

आमच्या गावात बाईला शिकल्याशिवाय मिळणारं, सावलीतलं काम हेच एक. माझ्या मुलीचं कॉलेज त्यावर चाललं होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी हातातला चिमटा पदराला पुसला.

"म्या दिलं," त्या म्हणाल्या. "देवाला पह्यलं फळ पाह्यजे म्हनली. देवाला नाही कसं म्हनावं? म्याच म्हनलं, ने."

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "बरोबर आहे का?"

मला एवढंच म्हणायचं होतं, नाही. तेवढा एक शब्द. मी मूग गिळून उभी राहिले. त्याने माझ्या गप्प राहण्याचा अर्थ हो असा घेतला, कागदावर लिहिलं, काकूंची सही घेतली आणि गाडीला किक मारून गेला.

"चला, ऊन चढलं," काकू म्हणाल्या आणि आपल्या ओळीत जाऊन वाकल्या.

दुपारी जेवताना बाकीच्या बाया हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. "काकू, काऊन खोटं बोलल्या तुमी? तुमाले त मालूमबी नव्हतं."

"तुपली पोरगी शिकू लागली," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "नाव गेलं की ह्या पट्ट्यात तुला कुनी उभं करायचं नाही. मपलं काय, एक साल प्लॉट नाही भेटला तर गहू पेरीन."

यावर माणसाने पाया पडावं. मला आला राग. खरंच सांगते, संताप आला. मी मागितलं होतं का हे? कुणी सांगितलं होतं एवढा मोठेपणा करायला? आता जन्मभर त्यांच्यापुढं मान खाली घालून चिमटा चालवायचा? घरी जाऊन मी भाजीत मीठ कमी पडलं यावरून नवऱ्याशी भांडले. भाजी मीच केली होती. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "तिनं वाचिवलं तुला, आन् तू तिच्यावरच चिडू लागली?" मी ताटं उचलून मोरीत नेली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे भाकरीचं ताट आणि प्याल्यांचा ट्रे घेऊन पाळक स्वतः ओळीओळीतून येतात. त्याआधी क्षणभर शांतता असते, प्रत्येकाने आपल्या मनात बघायचं असतं. इतकी वर्षं त्या शांततेत मी सकाळी दूध झाकलं की नाही हे आठवत बसायची. त्या दिवशी मला फक्त पदराला चिमटा पुसणारा हात दिसत होता. ताट माझ्यापुढं आलं. मी हात पुढं केला नाही. पाळक क्षणभर थांबले आणि पुढं गेले. नर्सबाईंनी पाहिलं, म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं.

उपासना संपल्यावर मी मुद्दाम मागं रेंगाळले. पाळक खुर्च्या एकात एक घालत होते. साधा माणूस, चपला शिवून-शिवून घालणारा, उपदेशाच्या वेळी त्यांचा आवाज कधी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. मी खुर्च्या उचलू लागले आणि उचलता-उचलता सगळं सांगून टाकलं, डब्यापासून चिमट्यापर्यंत.

"चोरी झाली, ती कबूल करावीच लागेल," ते म्हणाले. "ते तुम्हाला माझ्याशिवायही माहीत आहे. पण भाकर का नाही घेतली?"

"मी त्या लायक नाही."

"लायक असता तर भाकरीची गरज काय होती?" त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "राग मानू नका बाई. तुम्हाला द्यायला छान येतं. घ्यायला येत नाही. तुमचे टोमॅटो नसते तरी वेदी रिकामी राहिली नसती. तिथं आपल्या आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं. आपण फक्त त्याचे आभार घेऊन येतो, शेंगा काय, भोपळे काय."

मला ते लागलं. असल्या माणसाचं बोलणं जास्त लागतं, कारण तो लावायला म्हणून बोलत नाही. देवळापासून, म्हणजे आमच्या चर्चपासून, बसस्टँडपर्यंत मी चालत गेले, आणि वाटेत वडील विळ्याला धार लावताना म्हणाले होते ते 'आपला झाला' म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट कळलं. स्वस्तात सुटलो असं ज्याला वाटतं, त्याने सुटताना सोडवणाऱ्याकडे पाहिलेलंच नसतं. मी पाहिलं होतं. चूक माझी, आणि साहेबापुढं उभं राहून 'म्या दिलं' म्हणणारी बाई दुसरीच, शनिवारी बालाजीला जाणारी, जिने आमच्या देवळाचा उंबरा कधी ओलांडला नाही. उत्तम शुक्रवारी इतकी वर्षं जे ऐकलं, ते मला तिने नेटाच्या दाराशी उभं राहून दाखवलं होतं. त्यावर मी रागावले होते. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि रडता-रडता बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मीच सुपरवायझरला फोन केला आणि नेटावर बोलावून घेतलं. काकू समोर असतानाच सांगितलं की टोमॅटो मी न विचारता नेले, काकूंना ठाऊक नव्हतं, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या.

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "ती फळं आता कुठं आहेत?"

"चिखलीच्या गुरुजीनं चटनी करून खाल्ली. मी फोन करून इचारलं."

त्याच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या, पण हसला नाही. त्याने दुसरा कागद काढला. काकूंचा प्लॉट राहील असं लिहितो, म्हणाला. मला मात्र त्या दिवसापासून आणि पुढचा पूर्ण हंगाम कंपनीच्या कुठल्याही नेटात पाऊल टाकता येणार नाही. त्यानंतरचं नंतर बघू. मी सही केली. त्या क्षणी मला काम गेल्याचं दुःख झालं नाही, छाती मोकळी झाली. दुःख पुढच्या क्षणी झालं.

"पाडलंस मला तोंडावर," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता. "साहेबापुढं खोटारडी केलंस. म्या तुपल्यासाठी एक शबूद दिला व्हता, तो तुला ठिवून घेता आला नाही." आणि त्या आत निघून गेल्या.

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आपण खरं बोललो, प्लॉट वाचवला, आता काकू जवळ घेतील. खरं बोलायलाच हवं होतं, यात मला आजही शंका नाही. पण त्यांनी दिलेलं मी त्यांच्याच पुढ्यात परत टाकलं होतं, हेही खरं. आधी त्यांच्याकडे जायला हवं होतं. दोघींनी मिळून साहेबाकडे जायला हवं होतं. नेहमीप्रमाणे मी एकटीने, माझ्या हाताने, माझं म्हणून केलं.

ते वर्ष अवघड गेलं, पण निभावलं. हिवाळ्यात लोकांच्या हरभऱ्यात निंदायला गेले, मग गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला एक बाई हवी होती, तिथं लागले. मुलीचं शिक्षण थांबलं नाही. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट आलं तेव्हा मी हात पुढं केला. काकू मात्र रस्त्यात दिसल्या तरी खाली बघून जायच्या. नाताळाला करंज्यांचा डबा मुलीच्या हाती पाठवला. डबा परत आला तो घासून, पुसून, रिकामा. आमच्याकडे शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. त्या रिकाम्या डब्याकडे बघून मी जेवढी झुरले, तेवढी काम गेलं तेव्हाही झुरले नव्हते. रोज प्रार्थनेत देवाला सांगायची, बाकी काही नको, त्या बाईला एकदा मलेतुलेवाली म्हणू दे.

पुढच्या वर्षीचा हंगामाचा सण तीन दिवसांवर आला आणि मोबाइल वाजला. काकूंचा नंबर.

"नेटाकडं ये जरा," त्या म्हणाल्या. "आत येऊ नकू, तुला बंदी हाय. मागल्या अंगानं ये."

मी शाळेतली कढई तशीच ठेवून गेले. नेटाच्या मागच्या बाजूला, जाळीपासून चार हात लांब, काट्याचं कुंपण आहे. त्या कुंपणावर टोकापासून टोकापर्यंत वालाचा वेल चढला होता. जांभळी फुलं, आणि मधूनमधून शेंगांचे घोस, कोवळ्या, भरलेल्या. काकू चष्मा नाकावर घेऊन उभ्या होत्या. वर्षभरात वाळल्या होत्या.

"ह्याच्यात कंपनी नाही," त्या म्हणाल्या. "बी मपल्या माहेरचं. म्या लावलं, म्या पानी घातलं. घरात कुनी चाखलं नाही अजून."

मी शेंगेकडे हात नेला तर त्यांनी तो चापटी मारून बाजूला केला.

"तू नकू तोडू. मागच्या साली तूच तोडलं व्हतंस." त्यांनी माझा पदर ओढून दोन टोकं माझ्या हातात दिली, ओंजळीसारखा धरायला लावला आणि पहिला घोस तोडून त्यात टाकला. "साहेबाला म्या सांगितलं व्हतं, म्या दिलं म्हनून. ते खोटं व्हतं. वरीसभर डोस्क्यात हुतं मपल्या. आता दिलं. झालं खरं."

दुसऱ्या घोसाला हात लावता-लावता त्या थांबल्या. माझ्याकडे बघून, थोडं अवघडून म्हणाल्या, "पर चालतं का गं तुमच्यात, दुसऱ्यानं दिलेलं?"

माझे दोन्ही हात पदरात गुंतलेले, डोळेही पुसता येईनात.

"चालते काकू," मी म्हटलं. "आमच्यात तेवढंच चालते."

त्यांनी मान डोलावली आणि पदर भरेपर्यंत तोडत राहिल्या.